हिरवळीवरील ट्रॅक्टरचें पाऊल

चाकोरी हा शब्द मराठींत आतां बहुधा लाक्षणिक अर्थानेंच वापरला जातो. पण पावसाळ्यांत देशावरचा गाडीरस्ता ज्यांनीं पाहिला असेल, त्यांना त्याचा मूळ अर्थ विसरतां येणार नाहीं. काळ्या मातींत बैलगाडीची लोखंडी धांव एकदां रुतली, कीं तिचा ठसा चिखल वाळल्यावर दगडासारखा कठीण होतो, आणि मागून येणारी प्रत्येक गाडी त्याच दोन खांचांतून चालत राहते. गाडीवानाला तिचें फारसें दुःख नसतें, कारण ती रस्त्यावर असते. तीच चाकोरी घरापुढच्या हिरवळीवर उमटली, तर मात्र यजमानाला ती वर्षभर रोज सकाळीं खिडकींतून पाहावी लागते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शहराबाहेर दोन-चार एकरांच्या आवारांत घर करून राहणाऱ्या कुटुंबांपुढें हा प्रश्न नित्याचा आहे. अशा आवाराला हातानें ढकलण्याचें गवत कापण्याचें यंत्र पुरत नाहीं, आणि शेतीचा मोठा ट्रॅक्टर तेथें वळवितां येत नाहीं. या दोहोंच्या मधली वस्तु म्हणून वीस ते चाळीस अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर घेतला जातो. उन्हाळ्यांत त्याच्या पोटाखालीं गवत कापण्याचीं पातीं बसवितात, हिवाळ्यांत त्याच्याकडून दारांतला बर्फ काढून घेतात, आणि मधल्या काळांत पुढच्या बादलींतून खडी, माती, सरपण असें सारें वाहून नेतात. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही असें आवार बाळगणारीं घरें आहेत. शिवाय हा व्यवहार मुंबईला अगदींच परका नाहीं. महिंद्रा कंपनी १९९४ पासून अमेरिकेंत ट्रॅक्टर विकीत आली आहे, आणि मुंबईंत मुख्य कचेरी असलेली बाळकृष्ण इंडस्ट्रीज शेतीच्या अवजड टायरांबरोबर खास हिरवळीसाठीं घडविलेले टायरही परदेशीं पाठविते. ट्रॅक्टर कोणत्या कंपनीचा घ्यावा यावर अशा घरांतून पुष्कळ खल होतो. त्याच्या चाकांना कोणते टायर असावेत, हा प्रश्न बहुधा शेवटच्या पांच मिनिटांत, दुकानदाराच्या मेजाशीं आणि दुकानदाराच्याच सल्ल्यानें निकालांत निघतो. वास्तविक जमिनीला स्पर्श करणारा भाग एवढाच आहे.

रबरी हवेचा टायर ट्रॅक्टरला तसा उशिरांच मिळाला. १९३० पर्यंत ट्रॅक्टरचीं चाकें पोलादी असत आणि त्यांवर लोखंडी दांते ठोकलेले असत. जमिनींत दांते रोवल्याशिवाय यंत्राला ओढ येणार नाहीं, असा त्या वेळचा पक्का समज होता. १९३२ मध्यें ॲलिस-चाल्मर्स कंपनीनें फायरस्टोनच्या साह्यानें विस्कॉन्सिन संस्थानांतील एका शेतावर विमानाचे टायर ट्रॅक्टरला चढवून पाहिले. आरंभीं त्यांत दर चौरस इंचास सत्तर पौंड हवा होती. ती कमी करून पंधरा पौंडांवर आणली, तेव्हां चाक जमिनीवर पसरलें, आणि लोखंडी दांत्यांनाही जमलें नव्हतें तें काम मऊ रबरानें करून दाखविलें. लोकांची खात्री पटावी म्हणून पुढच्याच वर्षीं, १९३३ मध्यें, मोटारींच्या शर्यतींत नांव कमावलेल्या बार्नी ओल्डफील्डला ट्रॅक्टरवर बसविण्यांत आलें, आणि त्यानें तो ताशीं चौसष्ट मैलांच्या वेगानें पळविला. शेतकऱ्याला चौसष्ट मैलांचें प्रयोजन काय, हा प्रश्न रास्त आहे. पण जाहिरात म्हणून ती युक्ति चांगलीच लागू पडली. या इतिहासांत ध्यानांत ठेवण्याजोगा आंकडा मात्र चौसष्टांचा नसून पंधरांचा आहे. हवा कमी केल्यावर चाक अधिक चांगलें चाललें, ही गोष्ट नव्वद वर्षांनंतरही ट्रॅक्टर घेणाऱ्यांना पुन्हां पुन्हां सांगावी लागते.

हल्लीं ट्रॅक्टरच्या टायरांवर एक सांकेतिक खूण असते. आर या अक्षरापुढें एक आंकडा लिहिलेला असतो, आणि त्यावरून नक्षीचा प्रकार कळतो. आर-१ हा शेताचा टायर. त्याचे तिरके, उंच दांते मध्यभागीं बाणासारखे एकत्र येतात आणि फिरतां फिरतां मधला चिखल बाहेर फेंकतात. आर-२ हा भातखाचरांचा व उंसाच्या मळ्यांचा. त्याचे दांते आर-१ च्या जवळ जवळ दुप्पट खोल असतात. आर-३ हा हिरवळीचा. रुंद, कडांना गोलसर, आणि बारीक ठोकळ्यांच्या उथळ नक्षीचा. त्याची खोली आर-१ च्या निम्म्याच्या आसपास असते. आर-४ हा बांधकामावरच्या यंत्रांचा. त्याचे दांते जाड आणि बोथट असतात, कडा चौकोनी असतात आणि बाजूच्या भिंती ताठ असतात. आर-१ पेक्षां तो उथळ आणि आर-३ पेक्षां खोल असतो. अलीकडे आर-१४ या नांवाचा एक मिश्र प्रकारही निघाला आहे. त्यांत शेत, हिरवळ आणि रस्ता या तिहींना थोडें थोडें संभाळून घेण्याचा प्रयत्न असतो.

चुकीचा टायर काय करूं शकतो याचें बोलकें उदाहरण जपानच्या भातशेतीनें पुरविलें आहे. आज ज्याला लहान ट्रॅक्टर म्हणतात तो बऱ्याच अंशीं जपानी खाचरांत वाढला. लहान लहान तुकडे, गुडघाभर चिखल आणि अरुंद बांध, यांसाठीं तेथील कारखानदारांनीं हलकीं व आटोपशीर यंत्रें बनविलीं. कुबोटा कंपनीनें १९६९ मध्यें आपला एल-२०० हा ट्रॅक्टर अमेरिकेंत आणला, तेव्हां शहराबाहेरच्या गृहस्थाला त्यांत आपल्या उपयोगाची वस्तु दिसली. पुढें जपानांत वापरून झालेले जुने ट्रॅक्टरही, मूळ कंपनीला वगळून, परस्पर जहाजांनीं अमेरिकेंत येऊं लागले. त्यावरून खटले झाले, आणि १९९९ मध्यें कुबोटाच्या अशा कांहीं जुन्या यंत्रांच्या आयातीवरील बंदी तेथील वरिष्ठ न्यायालयानें कायम केली. हा कायद्याचा भाग झाला. हिरवळीच्या दृष्टीनें महत्त्वाचें हें, कीं यांतल्या बऱ्याच ट्रॅक्टरांच्या पायांत खाचरांतलेच आर-२ टायर असत. भाताच्या चिखलांत अमृतासारखे वाटणारे ते उंच दांते मऊ हिरवळीवर एक वळण घेतांच गवताचे ढेकळांसकट तुकडे उपटीत. यंत्र स्वस्तांत पडल्याचा आनंद पहिल्या रविवारींच संपे.

दांत्यांचें हें नुकसान डोळ्यांना दिसतें, म्हणून त्याची चर्चा होते. दुसरें नुकसान दिसत नाहीं, आणि तें अधिक टिकतें. हवेचा टायर जमिनीवर किती पसरतो याचा हिशेब सोपा आहे. चाकावरचें वजन आंतल्या हवेच्या दाबानें भागलें, म्हणजे स्पर्शाचें क्षेत्रफळ जवळ जवळ मिळतें. टायरच्या भिंतींच्या ताठपणामुळें थोडा फरक पडतो इतकेंच. समजा, मागच्या एका चाकावर एक हजार पौंड वजन आहे. हवा वीस पौंड असेल तर तें चाक पन्नास चौरस इंचांवर उभें राहील. दहा पौंड असेल तर शंभर चौरस इंचांवर. म्हणजे मातीवरचा दाब निम्मा झाला. आतां हेंच चाक दांत्यांचें असेल आणि जमीन टणक असेल, तर सबंध चाक टेकत नाहीं, केवळ दांत्यांचे माथे टेकतात. त्या शंभर इंचांपैकीं चौथाईच भाग टेकला असें धरलें, तरी दाब चाळीस पौंडांवर जातो. दीडशें पौंड वजनाचा मनुष्य एका पायावर उभा राहिला, तर त्याच्या तळव्याखालीं साधारण सहा पौंडांचा दाब येतो. या तुलनेवरून गवताच्या मुळांना काय सोसावें लागतें त्याची कल्पना येईल.

मातीच्या कणांमध्यें ज्या बारीक पोकळ्या असतात, त्यांतून मुळें श्वास घेतात आणि पावसाचें पाणी खालीं मुरतें. दाबानें या पोकळ्या मिटतात. वाळूमिश्रित जमीन हा मार बराचसा सोसते, चिकणमातीला तो बाधतो, आणि ओल्या चिकणमातीला तर फारच बाधतो. शिवाय पुष्कळसें नुकसान पहिल्याच फेरींत होऊन चुकतें; नंतरच्या फेऱ्या त्यांत थोडी थोडी भर घालतात. म्हणून "एकदांच तर गेलों ओल्यांतून" हें समर्थन मातीला मान्य होत नाहीं. आणखी एक भेद लक्षांत घेतला पाहिजे. वरच्या चार-सहा इंचांतला दाब टायरमधल्या हवेवर अवलंबून असतो, म्हणून तो रुंद टायरनें आणि कमी हवेनें कमी करतां येतो. त्याखालच्या थरांतला दाब मात्र आंसावरच्या एकंदर वजनानें ठरतो. तेथें कोणत्याही नक्षीचा इलाज चालत नाहीं. यंत्रच हलकें असावें लागतें. गवताचीं मुळें बरीचशीं वरच्या थरांतच असल्यामुळें टायरच्या निवडीला एवढें मोल आलें आहे.

गवताची जातही विचारांत घ्यावी लागते. अमेरिकेच्या दक्षिण भागांत ज्या गवताला बर्म्युडा म्हणतात, ती महाराष्ट्रांतली हरळीच होय. जमिनीवरून आणि जमिनीखालूनही धांवणारे तिचे धुमारे उघडी जागा पुन्हां भरून काढतात, हें शेतांतून हरळी खणून काढतां काढतां थकलेल्या कोणाही शेतकऱ्याला सांगावयास नको. मात्र तिकडच्या थंडींत ती पिवळी पडून झोपी जाते, आणि त्या दिवसांत झालेली जखम ऊन तापेपर्यंत तशीच राहते. उत्तरेकडचें केंटकी ब्लूग्रास जमिनीखालच्या खोडांनीं पसरतें, म्हणून तेंही हळूहळू सांवरतें. टॉल फेस्क्यू मात्र झुबक्यांनीं वाढतें. तेथें पडलेलें टक्कल फार सावकाश भरतें, आणि बहुधा बीं पेरावेंच लागतें. अशा हिरवळीच्या धन्यानें टायरच्या बाबतींत अधिक कंजूष मनानें सवलती द्याव्या.

असें असूनही दुकानांत उभा असलेला लहान ट्रॅक्टर पुष्कळदां आर-४ टायरांवर असतो. त्याला कारण पुढची बादली. बादलींत तीनशें किलो खडी भरली, कीं पुढच्या आंसावर तीनशें किलोंपेक्षांही अधिक भार येतो, कारण बादली आंसाच्या पुढें असते आणि तरफेच्या न्यायानें मागच्या चाकांवरचेंही कांहीं वजन ती उचलून पुढें आणते. हिरवळीचा मऊ टायर या ओझ्याखालीं दबून पसरतो. त्यांत हवा फार कमी असेल तर तो रिमवरून निसटण्याचीही भीति असते. आर-४ च्या ताठ भिंती हें ओझें सहज पेलतात, आणि कांटे, खिळे, तुटक्या फांद्या यांनाही त्या दाद देत नाहींत. म्हणून दुकानदार त्याला सर्वांगीण टायर म्हणतो. त्याचें म्हणणें खोटें नाहीं, अपुरें आहे. वाळलेल्या, घट्ट जमिनीवर सरळ जाणारा आर-४ हिरवळीला फारसा इजा करीत नाहीं. ओल्या जमिनीवर त्याचे ठोकळे उमटतात, वळतांना त्याच्या चौकोनी कडा गवत कापतात. उलट दाट चिखलांत त्याला आर-१ इतकी पकडही नसते.

या सर्वांतून निवड करावयाची, तर वर्षाचे तास मोजावे. ज्या घरीं ट्रॅक्टरच्या शंभर तासांपैकीं ऐंशी तास गवत कापण्यांत जातात, तेथें आर-३ घ्यावा, आणि बादली अर्धीच भरून दोन फेऱ्या अधिक कराव्या. जेथें खडी, माती आणि लाकूड यांचेंच काम मोठें आहे आणि गवत म्हणजे रानटी कुरण आहे, तेथें आर-४ योग्य. नांगरट असेल तरच आर-१. आर-१४ चा मध्यम मार्ग खरोखरच मिश्र कामाच्या घरांना सोयीचा आहे; पण मिश्र कामाचीं घरें वाटतात तितकीं नसतात. बर्फाची धास्ती बरेचदां वाजवीपेक्षां जास्त घेतली जाते. दाबल्या गेलेल्या बर्फावर आर-३ ची बारीक नक्षी, तिच्या अनेक कडांमुळें, आर-४ च्या मोठ्या ठोकळ्यांपेक्षां पुष्कळदां बरी धरते. आणि निखळ गोठलेल्या पाण्यावर सांखळी चढविल्याशिवाय दोन्हीही निरुपयोगी आहेत.

नंतर मत बदललें आणि टायर बदलावयाचे ठरविलें, तर एका खोड्यांत सांपडण्याचा संभव असतो. लहान ट्रॅक्टर बहुधा चारी चाकांनीं ओढणारे असतात. त्यांचीं पुढचीं चाकें लहान आणि मागचीं मोठीं. दोन्ही आंस आंतून दंतचक्रांनीं जोडलेले, आणि त्यांचें परस्परप्रमाण कारखान्यांत ठरलेलें. पुढचीं चाकें मागच्यांपेक्षां किंचित्, म्हणजे शेंकडा एक ते पांच, अधिक वेगानें चालावीं अशी ती रचना असते. केवळ मागची जोडी बदलली किंवा दोन्ही जोड्या वेगवेगळ्या मापांच्या आणल्या, तर हें प्रमाण मोडतें. मग एक आंस दुसऱ्याला सतत ढकलीत किंवा ओढीत राहतो. हिरवळ खरवडली जाते, टायर झिजतात, आणि दंतचक्रांवर विनाकारण ताण येतो. म्हणून चारी टायर एका संचाचे घ्यावेत, आणि नव्या टायरांचा जमिनीवरील घेर जुन्यांशीं ताडून पाहावा. टायरवर खडूनें खूण करून एक फेरी पुढें ढकलण्यास आणि अंतर मोजण्यास पांच मिनिटें लागतात. याच कारणानें सपाट हिरवळीवर चारी चाकांची जोडणी सोडून द्यावी, असें जाणते लोक सांगतात. वळणावर पुढचीं आणि मागचीं चाकें निरनिराळ्या वर्तुळांतून जातात. जोडणी चालू असेल तर त्यांतला फरक गवत सोसतें.

उतारावर मात्र हाच उपदेश उलटा करावा लागतो, आणि येथें प्रश्न गवताचा न राहतां माणसाचा होतो. बहुतेक लहान ट्रॅक्टरांचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. उतरतांना वजन पुढें झुकतें. बादली भरलेली असेल तर आणखी झुकतें. मागचीं चाकें हलकीं होतात. त्यांच्याखालीं दंवानें भिजलेलें गवत आणि उथळ नक्षीचा टायर असेल, तर ब्रेक दाबल्यावर चाकें थांबतात पण ट्रॅक्टर थांबत नाहीं. चारी चाकांची जोडणी चालू असली म्हणजे पुढचीं चाकेंही दंतचक्रांच्या द्वारें रोखून धरलीं जातात. म्हणून उतार लागण्यापूर्वीं, उतारावर नव्हे, जोडणी घालावी आणि बादली जमिनीलगत ठेवावी. आडव्या उतारावर रुंद अंतरावर बसविलेलीं चाकें उपयोगी पडतात, पण तीं कलंडण्याला केवळ उशीर लावतात. स्वीडननें १९५९ मध्यें नव्या ट्रॅक्टरांवर चालकाच्या रक्षणासाठीं मजबूत सांगाडा सक्तीचा केला, आणि त्यानंतर अशी कमान जगभर रूढ झाली. लहान ट्रॅक्टरवर ती झाडांच्या फांद्यांसाठीं दुमडतां येते. एकदां दुमडली कीं ती पुष्कळदां दुमडलेलीच राहते. मग आसनाचा पट्टा बांधूनही रक्षण होत नाहीं.

मागचीं चाकें जड करण्यासाठीं टायरांतच पातळ पदार्थ भरण्याची रीत आहे. साधारण तीन-चतुर्थांश टायर भरतात, वर हवा ठेवतात. नुसतें पाणी थंड मुलखांत गोठतें. त्यासाठीं पूर्वींपासून कॅल्शियम क्लोराइडचें खारट पाणी वापरीत. तें रिमला गंज चढवितें, आणि टायर गळला तर सांडेल तेथलें गवत मारतें. आतां साखरेच्या बीटपासून निघणारा दाट रस पुष्कळ ठिकाणीं भरतात. तो गंजवीत नाहीं, सहसा गोठत नाहीं, आणि लिटरला सुमारें १.३ किलो भरतो. शंभर लिटर मावणाऱ्या चाकाला १३० किलो वजन आलें. हें वजन खालीं राहत असल्यानें स्थैर्य वाढतें, यांत शंका नाहीं. पण तें गवत कापतांनाही बरोबर फिरतें. निव्वळ सपाट हिरवळीच्या घरीं त्यापेक्षां मागें अडकवावयाची वजनाची पेटी बरी. बादलीचें काम संपलें कीं ती काढून ठेवतां येते.

हवा मोजण्याचें साधन शेवटीं सांगावयाचें राहिलें. मोटारीचें दाबमापक दहा-बारा पौंडांजवळ भरंवशाचें नसतें. कमी दाबासाठीं निराळें मापक मिळतें, तें घ्यावें, आणि टायरवर व माहितीपुस्तकांत दिलेल्या किमान मर्यादेखालीं जाऊं नये. उन्हाळ्यांत २७ अंश उष्णतेला बारा पौंड भरलेली हवा हिवाळ्यांत शून्याखालीं सात अंशांवर आपोआप नऊ पौंडांवर येते, आणि नेमकी तेव्हांच बर्फासाठीं बादली जोडलेली असते. वसंतांत बादली उतरली, कीं पुढच्या चाकांतली वाढविलेली हवा पुन्हां कमी करावयाची असते. तें काम बहुतेक घरीं विसरलें जातें. आणि पाऊस पडून गेल्यावर हिरवळीच्या कोपऱ्यांतली मूठभर माती उचलून दाबून पाहावी. तिचा घट्ट गोळा होऊन तो बोटाच्या टोचणीनेंही फुटत नसेल, तर त्या दिवशीं टायर कोणताही असो, ट्रॅक्टर छपराखालींच राहूं द्यावा. गवत चार बोटें अधिक वाढेल. तें पुढच्या आठवड्यांत कापतां येतें.